धावणाऱ्या मुली आणि बसलेले शास्त्री

संघ हरू लागला म्हणजे प्रेक्षक शास्त्री होतात. जिंकणाऱ्या संघाविषयी कोणी सिद्धांत मांडीत नाही. टाळ्या वाजवून लोक घरी जातात. पण चार सामने ओळीने हरू द्या, की ज्याने उभ्या जन्मात चेंडूला हात लावला नाही तोही चढाईची आणि बचावाची सूत्रे सांगू लागतो, आणि बघता बघता दोन पक्ष, दोन पीठे व दोन गुरुपरंपरा उभ्या राहतात. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघावरून 2009 ते 2014 या पाच वर्षांत तेथील शौकिनांत जो वाद माजला तो याच जातीचा होता. वाद खेळाचा, तोही परदेशातला, आणि आता होऊन गेलेला. मग निबंध-परीक्षणांना वाहिलेल्या मासिकात त्याला जागा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, मुलींनी किती धावावे, कोणासाठी धावावे आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न त्या वादाच्या बुडाशी होता. आणि वेगाचे निंदक व वेगाचे भक्त या दोघांनीही त्याला बगल दिली. निंदकांनी वेगाला दोष दिला, तो अन्याय होता. भक्तांनी पद्धतीला देव्हाऱ्यात बसविले, तो त्याहून मोठा प्रमाद होता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदान 94 फूट लांब व 50 फूट रुंद. दोन्ही टोकांना 10 फूट उंचीवर एक कडे व त्याला जाळे. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू. एकूण खेळ 40 मिनिटांचा. मुलींच्या महाविद्यालयीन खेळात चेंडू हाती आल्यापासून 30 सेकंदांच्या आत तो जाळ्याकडे फेकावाच लागतो. बहुतेक शिक्षक हे 30 सेकंद कृपणाच्या धनासारखे जपून वापरतात: चेंडू सावकाश पुढे न्यावा, चार हातांतून फिरवावा, प्रतिपक्षाच्या बचावात फट सापडेपर्यंत थांबावे. पॉल वेस्टहेड यांची पद्धती याच्या अगदी उलट. त्यांच्या हिशेबी 30 सेकंद ही निव्वळ चैन. चेंडू हाती येताच पाच-सात सेकंदांत फेक झाली पाहिजे. त्यासाठी प्रत्येकीचा मार्ग आधीच आखून दिलेला: एकीने चेंडू आत टाकायचा, दुसरीने तो घेऊन मधून सुटायचे, दोघींनी दोन कडांना धरून धावायचे, आणि पाचवीने मागेपुढे न पाहता थेट जाळे गाठायचे. प्रतिपक्षाने गुण केला तरी थबकायचे नाही. चेंडू जाळ्यातून खाली येतो न येतो तोच तो उचलून पुन्हा धाव. चेंडू दुसऱ्यांकडे असेल तेव्हा मैदानभर त्यांचा पाठलाग. त्यात त्यांना एखादा सोपा गुण मिळाला तरी बेहत्तर, कारण त्यामुळे चेंडू लवकर आपल्या हाती येतो. सारांश, प्रतिपक्षाला आपल्या वेगाने धावायला लावायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय जड झाले की सामना खिशात घालायचा. या साऱ्या व्यवस्थेला तेथील लोक नुसते ‘पद्धती’ म्हणत, जणू जगात दुसरी पद्धतीच नाही.

वेस्टहेड हे गृहस्थ एका अर्थी माझ्या धंद्यातले. इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. फिलाडेल्फियातील ला सॅल महाविद्यालयात संघाला शिकविता शिकविता ते वर्गात इंग्रजीही शिकवीत, आणि शेक्सपिअरप्रेमी शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक झाला. प्राध्यापकाच्या डोक्यात एखादे मत एकदा शिरले म्हणजे ते सहसा बाहेर पडत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. वेस्टहेड यांच्या डोक्यात वेग शिरला तो कायमचा. 1989-90 साली कॅलिफोर्नियातील लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या मुलांच्या संघाने त्यांच्या हाताखाली सामन्यामागे सरासरी 122.4 गुण केले. पुढे डेन्व्हरच्या धंदेवाईक संघात त्यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा 1990-91 च्या हंगामात त्या संघाने 20 सामने जिंकले, 62 घालविले, आणि प्रतिपक्षांना सामन्यामागे सरासरी 130.8 गुण बहाल केले. एका ठिकाणी अमृत ठरलेले औषध दुसऱ्या ठिकाणी असे अंगावर आले. मग 2007 साली फिनिक्स येथील महिलांच्या धंदेवाईक संघाने त्याच धावत्या खेळाच्या जोरावर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुरुषांच्या व महिलांच्या अशा दोन्ही धंदेवाईक स्पर्धा जिंकून देणारे ते पहिलेच शिक्षक ठरले. एवढी कीर्ती पाठीशी घेऊन वयाच्या सत्तरीत ते ऑरेगनच्या मुलींकडे आले.

तेथे पहिल्या वर्षी 18 विजय व 16 पराभव झाले, आणि लोक खूष झाले. नंतर चढ संपून उतार लागला. 2012-13 साली जायबंदी खेळाडूंमुळे संघाचे बळ खचले आणि 31 सामन्यांत अवघे 4 विजय पदरी पडले. पुढल्या वर्षी चमत्कार झाला: हा संघ सामन्यामागे सरासरी 90 हून अधिक गुण करून देशातील अग्रगण्य महिला-संघांत गुणांच्या बाबतीत अव्वल ठरला, पण विजय 16 आणि पराभवही 16. मार्च 2014 मध्ये विद्यापीठाने करार पुढे न वाढविता वेस्टहेड यांना निरोप दिला. वादाची कच्ची सामग्री एवढी.

आता निंदकांचे आक्षेप घेऊ. ते तीन आहेत. पहिला, ही पद्धती जिंकून देत नाही. दुसरा, हा बास्केटबॉलच नव्हे, ही नुसती पळापळ आहे. तिसरा आक्षेप कोणी उघड घेतो, कोणी आडून: पुरुषांना हे ठीक, पण मुलींच्या अंगाला एवढा वेग मानवेल कसा? मी तिसऱ्यापासून आरंभ करतो. कारण तो सर्वांत जुना आहे आणि बाकीच्या दोघांना गुपचूप बळ पुरवीत असतो.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे तरुण मुलांसाठी शोधून काढला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्थँप्टन गावी, स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयात, सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने तो मुलींना शिकविला. तो काळ असा की, मुलगी घामेजली तर घरची माणसे डॉक्टर बोलावीत आणि डॉक्टर मुलीला अभ्यास सोडावयास सांगत. बेरेन्सन बाईंनी या धास्तीशी तडजोड केली. त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या खेळाडूचा जो भाग तो तिने ओलांडायचा नाही असे ठरविले. चेंडू दुसरीच्या हातून हिसकावायचा नाही, तीन सेकंदांहून अधिक वेळ हाती धरायचा नाही, तीनपेक्षा अधिक टप्पे द्यायचे नाहीत, असे आणखीही निर्बंध घातले. मुलींचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 4 एप्रिल 1896 रोजी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांत झाला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. स्टॅनफर्डच्या मुलींनी सामना 2 विरुद्ध 1 असा जिंकला.

या नियमांना आज हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. ज्या समाजात मुलीने धावणे हेच निषिद्ध, तेथे मैदानाच्या एक-तृतीयांशात का होईना तिला धावू देणे हे धैर्याचे काम होते. शिवाय त्या विभागणीत दुसराही एक हेतू होता, आणि तो मोठा होता: एकाच जोरकस मुलीने सारे मैदान व्यापावे आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघत उभे राहावे, असे होऊ नये. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

पण दार किलकिले करण्यासाठी लावलेली साखळी दार उघडल्यावरही कोणी काढली नाही. 1938 साली तीन भागांचे दोन झाले. सहा जणींचा संघ, तिघी चढाईला व तिघी बचावाला, आणि मधली रेघ दोघींनाही लक्ष्मणरेषा. चढाईच्या मुलीने आयुष्यात कधी बचाव करायचा नाही आणि बचावाच्या मुलीने कधी जाळ्याकडे चेंडू फेकायचा नाही! हवे तितके टप्पे देत चेंडू नेण्याची मुभा मिळावयास 1966 साल उजाडले. पाच जणींनी सबंध मैदानभर खेळण्याचा नियम महाविद्यालयांत 1971 साली पक्का झाला. आयोवा प्रांताच्या शाळांतून सहा जणींचा अर्ध्या मैदानाचा खेळ 1993 पर्यंत आणि ओक्लाहोमात 1995 पर्यंत चालू होता. याचा अर्थ असा की, ऑरेगनच्या प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी आज्यांनी, आणि काही आयांनीही, आपल्या मुलीच्या वयात मैदानाची मधली रेघ ओलांडलेली नव्हती. ती ओलांडणे हा अपराध होता आणि पंच शिटी वाजवून तो दाखवून देई.

हे ध्यानी घेतल्यावर ‘मुलींना एवढा वेग मानवेल कसा’ या प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. तो वैद्यकाचा प्रश्न नव्हे. सुमारे 80 वर्षे मुलींच्या मार्गात आखून ठेवलेल्या त्या रेघेचे ते भूत आहे. आणि इतिहासाचा विनोद असा की, ज्या काळी मुलींना सबंध मैदान मिळाले त्याच काळी त्यांच्या खेळात 30 सेकंदांचे बंधनही आले. मुलांच्या महाविद्यालयीन खेळात वेळेचे बंधन 1985-86 साली आले, तेही 45 सेकंदांचे. त्यापूर्वी मुलांचे संघ पुढे असले की मिनिटेच्या मिनिटे चेंडू हातात खेळवीत वेळ काढीत. मुलांना 30 सेकंदांवर आणावयास 2015 साल उजाडले. म्हणजे नियमाच्या दृष्टीने पाहता चपळ खेळ ही मुलांकडून मुलींनी घेतलेली उसनवारी नव्हे; मुलीच चाळीसहून अधिक वर्षे पुढे होत्या. फिनिक्सच्या महिलांनी 2007 साली अजिंक्यपद मिळवून उरलीसुरली शंकाही फेडली आहे. यास्तव तिसरा आक्षेप मी येथेच निकालात काढतो.

दुसरा आक्षेप, ही पळापळ आहे, हा रुचीचा आहे असे भासते. वस्तुतः तो अज्ञानाचा आहे. ज्याला सावकाश खेळच शास्त्रशुद्ध वाटतो तो विलंबितालाच गाणे म्हणणाऱ्या आणि द्रुताला गोंगाट म्हणणाऱ्या श्रोत्यासारखा आहे. द्रुतात चूक झाकायला जागा नसते, हे गाणाऱ्याला विचारावे. पाच मुलींनी पाच ठरलेल्या वाटांनी पूर्ण वेगात धावायचे, मागे न पाहता चेंडू कोठे येणार हे जाणायचे, आणि हे 40 मिनिटांत शेकडो वेळा करायचे, याला जे शिस्तीचा अभाव म्हणतात त्यांनी आमच्याकडील खो-खोचा एक डाव पाहावा. बाहेरून तो गोंधळ दिसतो. आत कोणी कोणाला कोणत्या क्षणी खो द्यावा याचा काटेकोर हिशेब चाललेला असतो.

राहिला पहिला आक्षेप: पद्धती जिंकून देत नाही. येथे निंदकांच्या हाती आकडे आहेत. आकड्यांशी भांडण्यात अर्थ नसतो, आणि मी भांडणार नाही. 31 पैकी 4 हे 4 च. वेस्टहेड गेल्यानंतर केली ग्रेव्ह्ज हे शिक्षक आले आणि 2019 साली ऑरेगनच्या मुली विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत गेल्या, हेही खरे. पण यातून ‘वेग वाईट’ हा निष्कर्ष कोणत्या न्यायशास्त्राने निघतो? त्या यशस्वी संघात सब्रिना आयोनेस्कू हिच्यासारखी अलौकिक खेळाडू होती. तिच्या हाती चेंडू असता पद्धती कोणतीही असती तरी शोभली असती. त्या यशाने इतकेच सिद्ध होते की, खेळाडू आधी आणि पद्धती मागून. हे मात्र मला पुरेपूर मान्य आहे. किंबहुना माझा पुढचा सारा वाद याच वाक्यावर उभा आहे, आणि तो निंदकांशी नाही, भक्तांशी आहे.

भक्तांचे म्हणणे असे: पद्धती निर्दोष आहे, तिला योग्य खेळाडू मिळाले नाहीत, आणखी दोन वर्षे दिली असती तर फळ दिसले असते, आणि काहीही म्हणा, बघायला मजा येत होती! या चार वाक्यांत मुलींचा उल्लेख एकदाच येतो, तोही तक्रारीच्या रूपाने, की त्या पद्धतीला पुरल्या नाहीत. पागोटे डोक्यात बसेना म्हणून डोक्याला नावे ठेवण्याचा हा प्रकार. पद्धती ज्यांच्यासाठी, त्याच तिला अपुऱ्या! 2012-13 साली संघ जायबंदीने रोडावला असता शहाण्या शिक्षकाने काय करावे? जितक्या मुली उभ्या आहेत तितक्यांना झेपेल असा खेळ आखावा. पण ज्याला पद्धती हाच धर्म झाला त्याला ताल बदलणे म्हणजे धर्मांतर वाटते. हरणे हे मला लागत नाही. जे मोडले आहे ते पाहूनही न पाहणे लागते.

आणि ‘बघायला मजा येत होती’ हे वाक्य तर मला सर्वांत अधिक खुपते. मजा कोणाला? बाकावर बसून बघणाऱ्याला. महाविद्यालयातील मुलगी मैदानात उतरते ती कोणाच्या संध्याकाळची करमणूक म्हणून नव्हे. तिला चार वर्षे मिळतात. त्या चार वर्षांत खेळाने तिला काय दिले हा प्रश्न विद्यापीठाने विचारावयाचा, आणि तो निंदकांनीही विचारला नाही, भक्तांनीही नाही. एकाने गुणफलक पाहिला, दुसऱ्याने तमाशा पाहिला.

पद्धतीचा मोह किती आंधळा असतो याचा दाखला वेस्टहेड यांच्याच चरित्रात आहे, आणि तो गमतीदार आहे. 1980 साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला त्यांनी पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवून दिले. पुढच्याच वर्षात त्यांनी त्या संघासाठी एक आखीव चढाई रचली. तेव्हा तक्रार कोणती झाली? ही पद्धती आम्हांला धावू देत नाही, आमचा स्वाभाविक वेग मारते, ही! नोव्हेंबर 1981 मध्ये मॅजिक जॉन्सन या तरुण खेळाडूने संघ सोडण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखविली, आणि दुसऱ्याच दिवशी वेस्टहेड यांना नारळ मिळाला. वेगाचा हा महान पुरस्कर्ता एकदा मंदपणाच्या आरोपावरून पदच्युत झाला होता! यातून निघणारा बोध मी असा घेतो की, दोष तेव्हा मंदपणात नव्हता आणि पुढे ऑरेगनमध्ये वेगातही नव्हता. दोन्ही वेळा कागदावरील आकृती पायांपेक्षा मोठी झाली, तो दोष होता.

मग वेगाचे समर्थन कशावर करावे? माझे उत्तर मला आयोवा प्रांतातील ग्रिनेल या लहानशा महाविद्यालयात सापडते. डेव्हिड आर्सेनो हे शिक्षक 1989 साली तेथील मुलांच्या संघाकडे आले. संघ वर्षानुवर्षे हरत आलेला; मुले अभ्यासू, उंची-ताकद बेताची, आणि बाकावर बसून बसून कंटाळलेली. आर्सेनो यांनी वेगाचा मार्ग धरला, पण एक निराळी अट घालून. मैदानावरील पाचही जण जीव तोडून धावतील, आणि 35 ते 45 सेकंदांनी ते पाचही बाहेर येऊन दुसरे ताजे पाच आत जातील. सामन्यात 94 फेका, त्यांतील निम्म्या दुरून, प्रतिपक्षापेक्षा 25 अधिक, असे त्यांनी हिशेब बांधले. पण त्या हिशेबाचा प्राण आकड्यांत नव्हता. असा वेग पाच-सात जणांच्या बळावर चालूच शकत नाही, त्याला पंधरा लागतात, म्हणून बाकावरचा शेवटचा खेळाडूही गरजेचा होतो. प्राण होता तो यात. ज्याला इतर कोणत्याही संघात तीन वर्षे टॉवेल सांभाळावा लागला असता तो येथे प्रत्येक सामन्यात धावला. इलिनॉय प्रांतातील ऑलिव्हेट नॅझरीन विद्यापीठात डग पोर्टर यांनी हीच रीत मुलींच्या संघात आणली आणि गुणांच्या राशी घातल्या. मुलींना ती झेपली; कारण ओझे वाटलेले होते.

कोणी म्हणेल, ग्रिनेलच्याच संघात 20 नोव्हेंबर 2012 रोजी एका खेळाडूने एकट्याने 138 गुण केले, त्यासाठी 108 वेळा चेंडू जाळ्याकडे फेकला. तेथे वाटणी कोठे गेली? बरोबर आहे; तेथे ती गेली होती. ज्या रात्री पद्धती एकट्याच्या विक्रमाची पालखी वाहू लागली त्या रात्री तिने आपले व्रत मोडले. वर्तमानपत्रांनी त्या रात्रीचा जयजयकार केला, आणि ती रात्रच त्या पद्धतीची ओळख होऊन बसली, ही खेदाची गोष्ट. पण व्रतभंग झाला म्हणून व्रत खोटे ठरत नाही.

बेरेन्सन बाईंचा जो धागा मी वाचकांस ध्यानात ठेवावयास सांगितला होता, तो आता हाती घ्यावा. त्या जुन्या व्यायामशिक्षिकांना दोन गोष्टी हव्या होत्या: मुलींनी बेताने धावावे, आणि सर्वच मुलींनी खेळावे. 1923 साली अमेरिकेत हौशी क्रीडासंघटनेचा जो महिला-विभाग स्थापन झाला त्याचाही घोष हाच होता की, खेळ प्रत्येक मुलीसाठी आहे. पुढच्या पिढ्यांनी पहिली गोष्ट झुगारली, ते योग्यच केले. पण तिच्यासंगे दुसरीही वाहून गेली. मुलींना सबंध मैदान मिळाले आणि 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत समान हक्कही मिळाला; पण मोजक्या जणींनी खेळावे आणि बाकीच्यांनी बाकावर बसावे, ही मुलांच्या खेळातील रीतही त्यांच्या पदरी आली. वेस्टहेड यांच्या पद्धतीने मुलींना वेग दिला. ताज्या पायांची योजना मात्र तिच्या गाभ्यात नव्हती. म्हणून खेळाडू कमी पडताच ती पद्धती नव्हे, त्या मुली मोडल्या. ग्रिनेलच्या रीतीत वेग आणि वाटा ही दोन्ही एकत्र येतात. इतकेच नव्हे, एकावाचून दुसरे चालतच नाही. वेगाचे खरे समर्थन हे, आणि माझ्या मते एवढेच. तो अधिक मुलींना मैदानात ओढतो म्हणून तो चांगला.

महाराष्ट्रातील वाचकांस हे तत्त्व परके वाटू नये. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खो-खोला नियमबद्ध केले त्यात नऊ जण पाठलागाला असतात. आठ बसलेले, एक धावणारा. धावणारा दमला की तो बसलेल्याच्या पाठीशी जाऊन खो देतो, आणि ताजे पाय उठतात. बसलेला तेथे राखीव नसतो. तो खेळातच असतो, कान टवकारून. आमच्या शाळांच्या मैदानांवर मुली परकराचे ओचे खोवून हा खेळ खेळल्या, आणि तो त्यांच्या अंगाला मानवेल कसा असे पुसायला कोणी शास्त्री तेथे थांबला असल्यास त्याला धुळीत उभे राहावे लागले असेल. खो देणाऱ्याला लाज वाटत नाही आणि खो मिळणाऱ्यावर उपकार होत नाही. वेग टिकतो तो यामुळे. ऑरेगनच्या दोन्ही पक्षांना मी हाच एक डाव दाखविला असता.

वेस्टहेड यांनी 2020 साली आपल्या वेगवान खेळाची कहाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहे. ती शिक्षकाची बाजू झाली, आणि ती मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रेक्षकांची बाजू तर रोजच ऐकू येते. उणीव आहे ती तिसऱ्या साक्षीची: त्या वर्षी 31 पैकी 27 वेळा हरूनही पुढच्या सामन्याला पुन्हा त्याच वेगाने धावत सुटलेल्या मुलींची. त्यांना दम लागला तेव्हा बाकावरून कोण उठले, हा प्रश्न कोणत्याही संघाच्या शौकिनांनी वाद घालण्यापूर्वी विचारावा. उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर गुण 90 झाले काय आणि 122 झाले काय, त्या पद्धतीचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. आणि उत्तर ‘सगळ्याच, पाळीपाळीने’ असे आले, तर ती पद्धती सामने हरली तरी महाविद्यालयाने ती मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.